ब्लूटूथवरून पाठवलेले एकेचाळीस फोटो

तोंडावर आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. पाठीमागे मात्र अख्खं कार्यालय त्यांना ‘नाकवाल्या बाई’ म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्वच्छता निरीक्षक. जिथे म्हणून परक्या माणसांसाठी अन्न शिजतं, तिथे जायचं, डबे उघडायचे, फडताळं सरकवायची, मोऱ्यांत डोकावायचं आणि अहवाल लिहायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या की त्या डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायच्या. “मोरी तुंबलीय. पण आज नाही, चार दिवसांपूर्वी,” असं सांगायच्या आणि ते खरं निघायचं. एकदा एक हॉटेलवाला चिडून म्हणाला, “उगाच नाकाने कांदे सोलू नका बाई.” बाई म्हणाल्या, “सोलते. आणि त्यातला कुजका कुठला, तेही सांगते.”

मी त्याच कार्यालयात संगणकावर बसते. बाईंचे अहवाल टाइप करायचं काम माझं. त्यांच्या घरीही माझं जाणं-येणं होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन, कापडाच्या चिंध्या आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि विधवा नणंदेची खाट. बाई घरी आल्या की चपला दाराबाहेर, अंगावरचे कपडे थेट बादलीत, आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतल्याशिवाय कुणाशी अवाक्षर नाही. नवरा मशीन चालवता चालवता म्हणायचा, “लोकांच्या घरी महिन्याला धान्य भरतात. आमच्याकडे साबण भरतात.”

मग खात्याचा नवा आदेश आला. यापुढे प्रत्येक अहवालासोबत फोटो हवेत. फोटो फोनवर काढायचे, कार्यालयाच्या लॅपटॉपवर घ्यायचे आणि अहवालात लावायचे. त्याआधी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरून सगळे संगणक आठवडाभर बंद पडले होते. म्हणून लॅपटॉपच्या बाजूच्या भोकांवर कागदी सील चिकटवलेलं. केबल नाही, पेनड्राइव्ह नाही. वायफायचा पासवर्ड फक्त मोठ्या साहेबांकडे. राहता राहिलं ब्लूटूथ.

बाईंना फोनचीच किळस. “ह्याच्यावर माणूस संडासातही बोटं फिरवतो आणि जेवतानाही. आणि तोच मग गालाला लावतो,” असं म्हणून त्या स्वतःचा फोन दिवसातून तीनदा स्पिरिटने पुसायच्या. लॅपटॉप तर चौघांत एक. तो पहिल्यांदा त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी उलटा करून टेबलावर दोनदा आपटला. बिस्किटाचा चुरा पडला, केस पडले आणि कापलेल्या नखाचा एक तुकडा पडला. तो कागदाच्या चिमटीत धरून त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं, “हे कुणाचं?” कुणी वर बघितलं नाही. बाईंनी आधी सगळी बटणं कापसाने पुसली. मगच शिकवणी सुरू झाली.

“आधी दोन्हीकडचं ब्लूटूथ चालू करायचं,” मी सांगितलं. “मग लॅपटॉपवर ‘नवीन उपकरण जोडा’ म्हणायचं. आसपासच्या फोनची यादी येते.”

यादी आली. त्यात सात-आठ नावं. कुणाचा फोन ‘हात लावू नको’, कुणाचा ‘राणीचा नवरा’.

“ही कोण सगळी?”

“आजूबाजूचे फोन. ज्यांनी आपलं नाव दिसू दिलंय ते.”

“म्हणजे भिंतीपलीकडचेही?” बाईंनी नाक मुरडलं. “मला नाही जोडायचं कुणाशी.”

“कुणाशी आपोआप जोडलं जात नाही, बाई. आपला फोन निवडायचा. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतील. ते सारखे असले तरच ‘होय’ म्हणायचं. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी विचारत नाही.”

त्यांनी ते आकडे मोठ्याने वाचले, आधी फोनवरचे, मग लॅपटॉपवरचे, मग पुन्हा फोनवरचे. ‘होय’ दाबलं. जुळलं. पण पहिला फोटो पाठवला तो गेलाच नाही. चूक माझी होती. लॅपटॉपवर ‘फाइल घ्यायची आहे’ ही खिडकी उघडायची मी विसरले होते.

“असं कसं? ओळख तर पटली ना?”

“ओळख पटली, पण दार बंद होतं. आधी इकडे दार उघडून ठेवायचं, मग तिकडून पाठवायचं.”

“मग हे आधी सांगायचं नाही का गं?” म्हणून त्यांनी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या. पंधरा दिवसांत त्या इतक्या तरबेज झाल्या की इतर निरीक्षक माझ्याऐवजी त्यांनाच विचारायला लागले. फोटो बघवत मात्र नसत त्यांना. लॅपटॉपवर गेले की त्या लगेच फोनमधून पुसून टाकायच्या. “भाचीच्या लग्नाच्या फोटोशेजारी झुरळं नकोत माझ्या,” म्हणायच्या.

त्याच वर्षी रुग्णालयाचं प्रकरण झालं.

मोठं रुग्णालय, तीनशे खाटांचं. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून सगळ्या वॉर्डांत जेवण जायचं. ते एका ठेकेदाराकडे होतं. एका सकाळी तिथल्या परिचारिकेचा आमच्या कार्यालयात फोन आला. दोन वॉर्डांतल्या एकोणीस रुग्णांना उलट्या-जुलाब लागले होते. बाई तशाच निघाल्या. लॅपटॉप घेऊन मलाही चल म्हणाल्या, कारण अशा प्रकरणात फोटो जागेवरच लॅपटॉपवर घ्यायचा नियम होता.

आम्ही न सांगता गेलो. ठेकेदार धावत आला. इस्त्रीचे कपडे, आणि अंगावर इतकं अत्तर की मला शिंक आली. बाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून श्वास घेतला. रुमाल काढून नाकाला बांधला.

मी तिथे जे पाहिलं ते आजही जेवताना आठवलं तर घास खाली जात नाही. मोठ्या फ्रिजच्या मागे उंदीर मरून इतके दिवस झाले होते की तो फरशीला चिकटून कातड्यासारखा सपाट झाला होता. पिठाच्या पिंपाचं झाकण काढलं तर पीठ वळवळत होतं. भाज्या चिरायचा लाकडी ओंडका बाईंनी चमच्याने खरवडला, तर काळा बुळबुळीत थर लोण्यासारखा निघाला. एकच फडकं, त्यानेच फरशी पुसायची आणि त्यानेच ताटं. कढईतलं तेल मोटारीच्या तेलासारखं काळं. पाण्याच्या टाकीत एक पाल फुगून तरंगत होती.

पण बाई थांबल्या त्या दाराजवळच्या ट्रेपाशी. ट्रेमध्ये पाव होते. वरवर चांगले. बाईंनी एक उलटा केला. त्याच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. दुसरा उलटा केला, त्यालाही. वॉर्डांतून परत आलेल्या ताटांतले पाव वेचून, उष्टी बाजू खाली करून, संध्याकाळच्या जेवणासाठी रचून ठेवले होते. आजारी माणसांच्या तोंडातले पाव दुसऱ्या आजारी माणसांसाठी.

मी बाहेर जाऊन मोरीत ओकले. बाईंनी फोटो काढले. एकेचाळीस.

तिथेच एका खुर्चीवर लॅपटॉप ठेवून त्यांनी फोन जोडायला घेतला. फोटो पाठवताना फोनने आजूबाजूची यादी दाखवली. आमच्या लॅपटॉपच्या वर एक नाव होतं, ‘अन्नदाता’.

“हा कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“माझाच की,” ठेकेदार हसत म्हणाला. “लोक प्रेमाने म्हणतात.”

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या पिठाकडे बघितलं होतं. मग आमचा लॅपटॉप निवडला आणि फोटो पाठवले. सगळे आले. मी मोजून घेतले.

कार्यालयात परतलो तर मोठे साहेब दारातच उभे. “एकेचाळीस? बाई, प्रदर्शन भरवायचंय का? आणा तो लॅपटॉप, मी बघतो,” म्हणाले आणि तो आपल्या खोलीत घेऊन गेले. मी दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस रजेवर होते, पोट ठिकाणावर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आले तर बाई माझ्या टेबलापाशी वाट बघत उभ्या.

“अगं, कालपासून एक पावती पाठवतेय. माझा फोन ह्या लॅपटॉपला ओळखच देईना.”

मी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. बाईंचा फोन त्यातून काढून टाकलेला होता. त्याच्या जागी एक नवं नाव आलं होतं, ‘अन्नदाता’.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी फोटोंचा फोल्डर उघडला. एकेचाळीस फोटो गायब. त्याऐवजी नऊ नवे फोटो होते, आदल्या दिवशी दुपारी आलेले. लखलखीत ओटे, पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी, झाकलेली पातेली. अहवाल तयार होता, खाली साहेबांची सही होती. ‘किरकोळ त्रुटी आढळल्या. त्या जागेवरच दूर करण्यात आल्या.’

“हलकट,” बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्या नऊ फोटोंपैकी एकावर अडकल्या. मला म्हणाल्या, मोठा कर. फोटोच्या कडेला एक हात दिसत होता, तपासणीची वही धरलेला. मनगटावर काळ्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. तेच घड्याळ माझ्यासमोर टेबलावर टेकलेल्या बाईंच्या हातावर होतं.

बाई उठून गेल्या. मोरीच्या नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. परत आल्या तेव्हा हात लालभडक झाले होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सांगितलं.

मागच्या वर्षी त्यांची नणंद पडली, खुब्याचं हाड मोडलं. त्याच रुग्णालयात ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात त्या स्वयंपाकघराची वार्षिक तपासणी होती, आधी कळवून केलेली; हे फोटो ठेकेदाराने तेव्हाच काढून ठेवलेले. बाई आत शिरल्या तेव्हा फिनाइलचा भपकारा आला. इतकं फिनाइल कुणी उगाच ओतत नाही, हे त्यांना पहिल्या श्वासातच कळलं. फ्रिज सरकवायला सांगायचं होतं. तेवढ्यात ठेकेदार म्हणाला, “ताईंची काळजी करू नका. त्यांना रोज मी वेगळं सूप करून पाठवतो. घरच्यासारखं.” वर नणंदेला शुद्ध येत होती. नवरा एकटाच वर होता.

“मी फ्रिज सरकवला नाही,” बाई म्हणाल्या. “सही केली आणि वर गेले. नणंद सूप पीत होती. छान आहे म्हणाली. मी तिचं तोंड पुसलं.” मग म्हणाल्या, “त्या पिठाचं सोड. मला ह्या हाताची शिसारी येतेय.”

मी म्हटलं, साहेबांशी बोला तरी. त्या गेल्या. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, तुमच्या नाकाने आमच्या नाकात दम आणलाय,” साहेब म्हणाले. “मागच्या वर्षी तिथेच तुम्हाला कसला वास आला नाही? तेव्हा सही केलीत, आता बोंब मारता? झाकली मूठ झाकलेली राहू द्या. फोनमधले फोटो पुसून टाका.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. मी त्यांना दोष देणार नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं होती. पण फोटो त्यांच्या फोनमध्ये अजून होते. एरवी पाठवल्याबरोबर पुसणाऱ्या बाईंनी या वेळी ते पुसले नव्हते. उंदराचा फोटो समोर येईल या भीतीने त्यांनी तीन दिवस रुग्णालयाच्या फोटोंचा कप्पा उघडलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात रुग्णालयाने चौकशी समिती बसवली. चार जण, अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर. बैठक तिथल्याच सभागृहात, सकाळी अकराला. साहेब, ठेकेदार, बाई आणि अहवालाची प्रत घेऊन मी. लांबलचक टेबल, पांढरं कापड, आणि प्रत्येकासमोर बशीत सँडविच आणि कपात चहा. ते कुठून आलं होतं, हे सांगायची गरज नाही. अध्यक्षांनी अर्धं सँडविच खाल्लं होतं.

साहेबांनी अहवाल वाचला. ठेकेदाराने हात जोडले. अध्यक्षांनी विचारलं, “निरीक्षकांना काही सांगायचंय?”

“दाखवायचंय,” बाई म्हणाल्या. “तुमचा लॅपटॉप दोन मिनिटं मिळेल का?”

साहेब म्हणाले, “फोटो अहवालात आहेत, बाई.”

“ते माझे नाहीत.”

अध्यक्षांनी आपला लॅपटॉप पुढे सरकवला. तिथल्या केबलचं टोक बाईंच्या फोनला बसत नव्हतं. बाईंनी वही काढली नाही, मला विचारलं नाही. लॅपटॉपचं ब्लूटूथ चालू केलं, उपकरण शोधलं, आपला फोन निवडला. दोन्हीकडचे सहा आकडे मोठ्याने वाचले. फाइल घ्यायची खिडकी उघडली. फोटो निवडले आणि पाठवले.

“किती वेळ लागेल?” एका सदस्याने घड्याळ बघत विचारलं.

“एकेक येईल, साहेब. मी त्या घाणीत तासभर उभी होते. तुम्ही दहा मिनिटं बसा.”

ब्लूटूथ संथ असतं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. पहिला फोटो पूर्ण आला तो टाकीचा. दुसरा फडक्याचा. बाई लॅपटॉप चौघांकडे वळवून उभ्या होत्या. आलेला फोटो उघडायचा, काय आहे ते एका वाक्यात सांगायचं, तोवर पुढचा येत होता. पीठ आलं तेव्हा एका सदस्याने कप खाली ठेवला. पावांचा ट्रे आला. बाई म्हणाल्या, “ह्या दातांच्या खुणा. हे वॉर्डातून परत आलेले पाव आहेत.” अध्यक्षांनी समोरच्या सँडविचकडे बघितलं, आणि रुमाल तोंडाला लावून ते खोलीबाहेर गेले.

घड्याळ बघणारा सदस्य मात्र बाईंवरच उखडला. “हे काय बाई? माणसं खात असताना असले फोटो दाखवतात? काही लाज?”

“स्वयंपाकघराची नाही आली किळस, माझी आली?” बाई म्हणाल्या. “येऊ द्या.” आणि पुढचा फोटो उघडला.

अध्यक्ष चेहरा धुऊन परत आले. “ह्या बशा उचला,” एवढंच म्हणाले.

ठेकेदाराने चोराच्या उलट्या बोंबा सुरू केल्या. फोटो दुसरीकडचे आहेत, बाईंचं आपल्याशी वैर आहे. मग शेवटी हुकमी पान टाकावं तसं म्हणाला, “मागच्या वर्षी ह्याच बाईंनी पास केलंय माझं स्वयंपाकघर! विचारा त्यांना!”

“केलं,” बाई म्हणाल्या. “मला वास आला होता. तरी केलं. ह्यांनी माझ्या नणंदेला वरती सूप पाठवलं म्हणून केलं. ते लिहून घ्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि साहेबांच्या खोलीत असताना कार्यालयाच्या लॅपटॉपवर ह्या ठेकेदाराचा फोन कधी जोडला गेला, ते हीच सांगेल.”

मी सांगितलं. दिवस सांगितला, आणि यादीत बाईंच्या फोनच्या जागी आलेलं ‘अन्नदाता’ हे नावही. साहेब छताकडे बघत बसले होते, जणू तिथे काही लिहिलंय.

स्वयंपाकघराला त्याच दिवशी कुलूप लागलं. एकोणीस जणांपैकी अठरा बरे झाले. एक म्हातारे गृहस्थ गेले. ते आधीच्याच आजाराने गेले असं कागदावर आलं. साहेबांची बदली झाली, पाणीपुरवठ्याकडे, म्हणजे अख्ख्या शहराच्या पिण्याच्या पाण्याकडे. ठेकेदाराच्या मेव्हण्याने तीन महिन्यांत एका वसतिगृहाचं काम घेतलं. बाईंना मागच्या वर्षीच्या सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी सही करून घेतली.

घरी मात्र सोपं गेलं नाही. बाईंनी नणंदेला स्वतः सांगितलं, मी समोर बसले होते. नणंद आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला. काठी टेकत मोरीपर्यंत गेली आणि वर्षभरापूर्वीच्या सुपासाठी तिने तीनदा चूळ भरली. परत येऊन म्हणाली, “तुला कळलं होतं. आणि तू माझं तोंड पुसत उभी राहिलीस.” आठ दिवस ती बाईंशी बोलली नाही. बाईंनी केलेलं जेवायची, पण आधी ताट नाकाशी धरून वास घ्यायची. नवरा मशीनवरून मान वर करायचा नाही.

नंतर रुग्णालयाचं ते स्वयंपाकघर दुसऱ्याच एका बाईने चालवायला घेतलं. ती स्वतः ओट्यापाशी उभी राहून काम करून घेणारी होती. आम्ही न कळवता गेलो. बाईंनी फ्रिज सरकवला, पिंपं उपसायला लावली, टाकीत विजेरी मारली, प्रत्येक पाव उलटा केला. काही सापडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. काही नाही. फोटो काढले, लॅपटॉपवर घेतले, सही केली.

त्या बाईने आनंदाने स्वच्छ कपात चहा आणून पुढे केला. म्हणाली, “दोन तास उभ्या आहात, घ्या ना घोटभर.”

बाईंनी कपाकडे बघितलं. हात पुढे झालाच नाही.

“राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम चांगलं आहे. मलाच आता कुणाच्या हातचं जात नाही.”

त्या बाईचा चेहरा पडला. तिने कप तसाच परत नेला. मी माझा चहा प्यायले; चांगला होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर बाईंनी एकदा मागे वळून रुग्णालयाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “हिचा काय दोष होता गं? घेता आला असता मला.” थोडं पुढे गेल्यावर त्या एका नळापाशी थांबल्या, आणि नुकतेच धुतलेले हात पुन्हा धुवायला लागल्या.